रायतूरचे पाद्रीगुरु

आमच्या तीर्थपुरीच्या घरांत आषाढी एकादशीला नाथांच्या भागवताची पोथी निघे, ती कार्तिकी एकादशीपर्यंत रोज सायंकाळीं वाचली जाई. चौरंगावर पोथी, शेजारीं समई, मांडी घालून बसलेले वडील आणि भिंतीला पाठ टेकून ऐकणारी आई, हें चित्र माझ्या बालपणींच्या साऱ्या आठवणींच्या मुळाशीं आहे. वडिलांचें शिक्षण निजामाच्या राज्यांत झालें. त्या राज्यांत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. त्यामुळें मराठी घरांतला हा चलाख मुलगा शाळेंत दोन-तीन वर्षें मुका होऊन बसला. पुढें ते उर्दू इतकें सुरेख लिहूं लागले कीं गांवांतले लोक अर्ज लिहून घ्यावयास त्यांच्याकडे येत. पण ते मुकेपण त्यांच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. ‘शाळेनें माझी जीभ काढून घेतली, नाथांनीं ती परत दिली,’ असें ते म्हणत, आणि पोथीला कपाळ लावून ती रुमालांत बांधीत.

आमचा मुलूख तसा संतांचाच. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाथांचें पैठण आहे, आणि समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब तर आमच्याच घनसावंगी तालुक्यांत आहे. ओवी ही आमच्याकडे छंदःशास्त्रांतील वस्तु नव्हे. ती जात्यावर होती, पाळण्याशीं होती, पोथींत होती. कोणी ती शिकविली नाहीं व कोणी ती शिकला नाहीं. अशा घरांत वाढलेल्या आणि पुढें मराठीचाच शिक्षक झालेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याच्या धंद्यांतला मुख्य धडा एका इंग्रज कॅथॉलिक पाद्र्याच्या ओवींतून मिळावा, हें ऐकणाराला चमत्कारिक वाटेल. परंतु घडलें तें तसेंच घडलें.

ही गोष्ट १९७५ सालच्या पावसाळ्यांतली. आदल्या वर्षीं वडील वारले होते आणि पोथी वाचण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. त्या सुमारास औरंगाबादच्या एका ग्रंथालयांतून (त्या शहरास आतां छत्रपती संभाजीनगर म्हणतात) मीं एक जाडजूड ग्रंथ आणला होता. तो म्हणजे फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’. शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली, १९५६ सालीं पुण्यास प्रसिद्ध झालेली देवनागरी आवृत्ति. रात्रीं एकटाच वाचीत बसलों असतां मला पुन्हा पुन्हा भास होई, कीं हा आवाज आपण कोठें तरी ऐकला आहे. एके दिवशीं मला एक खोडी सुचली. भागवताचा त्या दिवसाचा भाग संपल्यावर मीं पोथी न बांधतां तो ग्रंथ उघडला आणि क्रुसाखालीं उभ्या राहिलेल्या मातेचा प्रसंग नेहमींच्याच चालीवर वाचावयास आरंभ केला. जेथें परकीं नांवें येत तेथें मी तीं गाळीत असें. आई स्तब्ध होऊन ऐकत होती. वाचन थांबलें तेव्हां तिचे हात जोडलेले होते व डोळ्यांना पाणी आलें होतें. ‘हें कुठल्या पोथींतलं?’ तिनें विचारलें. मीं मोठ्या ऐटींत सांगून टाकलें, कीं हें एका गोऱ्या पाद्र्यानें लिहिलेलें येशूचें चरित्र आहे.

आई कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें हात सोडले आणि म्हणाली, ‘मग आधीं सांगायचं नाहीं का? मीं हात जोडले होते.’

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. पण आपण आईला फसविलें ही जाणीव मला तत्क्षणीं झाली. मग माझ्या मनांत आलें, कीं मीं आतां जें केलें तेंच या पाद्र्यानें चारशें वर्षांपूर्वीं केलें नसेल ना? ओळखीच्या चालीवर अनोळखी देव आणून ठेवावयाचा आणि ऐकणाराचे हात आपोआप जुळावेत याची वाट पाहावयाची! आईनें त्या रात्रीं मला विचारलेला प्रश्न साष्टींतल्या कितीतरी म्हाताऱ्या बायांनीं मनांतल्या मनांत विचारला असेल. त्या रात्रीपासून हा पाद्री माझ्या मागें लागला तो आजपर्यंत.

फादर टॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. त्या काळच्या इंग्लंडांत कॅथॉलिक म्हणून राहणें कठीण झालें होतें. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतर १५५९ सालीं जुन्या पद्धतीची उपासना कायद्यानें बंद झाली. जे श्रद्धेला चिकटून राहिले ते घराचीं दारें लावून, खिडक्यांवर पडदे ओढून मिसा ऐकत. टॉमस पाउंड नांवाच्या एका सधन कॅथॉलिक गृहस्थाबरोबर स्टीफन्स त्याच्या नोकराच्या वेषांत हिंडत असत. दोघांनीं रोमला जाऊन जेझुइट संघांत प्रवेश करावा असें ठरविलें होतें. पण निघण्यापूर्वींच पाउंड पकडला गेला आणि पुढें सुमारें तीस वर्षें त्याला निरनिराळ्या तुरुंगांतून काढावीं लागलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व १५७५ सालीं संघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांनीं लिस्बन सोडलें आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचें नांव घेतात. ते मायदेशीं पुन्हा कधीं गेले नाहींत. १६१९ सालीं गोव्याच्या भूमींतच त्यांचा अंत झाला. मधल्या चाळीस वर्षांतलीं बहुतेक वर्षें त्यांनीं साष्टी प्रांतांत, तेथल्या गांवांतून व रायतूरच्या विद्यालयांत, उपदेशक, अध्यापक आणि कांहीं काळ प्रमुख अधिकारी म्हणून घालविलीं.

चरित्राचा हा सांगाडा सांगून झाला तरी त्यांतला पीळ सांगावयाचा राहतोच. स्वतःच्या देशांत धर्मापायीं ज्याला लपून राहावें लागलें तो माणूस ज्या राज्यांत येऊन उतरला, तेथें त्याच्या धर्माचेच लोक दुसऱ्यांच्या देवांना लपावयास लावीत होते. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें होतें. १५६७ च्या सुमारास साष्टींतलीं देवळें पाडण्यांत आलीं. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा यांना त्यांच्या भक्तांनीं जुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालांत नेलें. आज आपण ज्या सुंदर देवळांतून त्यांचें दर्शन घेतों तीं देवळें म्हणजे त्या निर्वासित देवतांचीं नवीं घरें होत. देवांबरोबर पोथ्याही गेल्या. जेथें जेझुइटांच्या हातीं पोथ्या लागल्या तेथें त्यांनीं त्यांचा अभ्यास केला, आणि मराठी व कोंकणी कथांच्या त्यांनीं रोमन लिपींत करून ठेवलेल्या प्रती पोर्तुगालांतील ब्रागा येथें आजही आहेत. म्हणजे ज्यांच्या त्या पोथ्या होत्या त्यांना त्या वाचावयाची बंदी, आणि ज्यांनीं बंदी घातली त्यांच्या टेबलावर त्या उघडलेल्या!

१५८३ सालच्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीच्या लोकांचा क्षोभ अनावर झाला आणि तेथें गेलेल्या रुडॉल्फ अक्वाविवा प्रभृति पांच जेझुइटांना त्यांनीं ठार केलें. मृतदेह परत आणण्याच्या कामीं स्टीफन्स यांनाच पुढें व्हावें लागलें. नंतर कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांना आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून पोर्तुगीजांनीं त्यांना मारलें. त्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरला, म्हणजे गोव्यास येऊन बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, स्टीफन्स यांनीं आपल्या भावाला एक पत्र लिहिलें. या पत्रांत त्यांनीं हत्याकांडाची हकीकत तर दिली आहेच. पण त्याच पत्रांत ते इकडच्या भाषांविषयीं लिहितात, कीं त्यांचे उच्चार कानांस गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास जी गोष्ट विद्वानांच्या सभेंत मांडली तिची चाहूल या पाद्र्याला दोनशें वर्षें आधीं लागली होती. पांच सहकाऱ्यांचीं प्रेतें ज्यानें नुकतीं पाहिलीं त्या माणसाला, ज्यांनीं त्यांना मारलें त्यांच्याच भाषेच्या घडणीचें कौतुक वाटावें! या पत्राविषयीं वाचलें कीं मी नेहमीं थबकतों. त्यांच्या इतर गुणदोषांचा हिशेब कोणी कसाही मांडो. ऐकण्याची शक्ति त्यांच्या अंगीं होती, हें या एका पत्रावरून मान्य करावें लागतें.

याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच व त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगांत येऊन पडले. ज्या राणीच्या राज्यांत स्टीफन्स यांना राहतां आलें नाहीं तिच्याच राज्यांतले हे लोक. तरीही त्यांना जामिनावर सोडविण्याच्या खटपटींत स्टीफन्स होते. माणूस संकटांत आहे एवढें त्यांना पुरलें असावें.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ आणि दुसऱ्यांत ५९ अवस्वर, म्हणजे अध्याय, असून ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार भरते. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्यांत येशूचें चरित्र. आरंभींच एक प्रसंग घातला आहे. मुलांना धर्मोपदेश चाललेला असतां श्रोत्यांपैकीं एक जण पाद्रीगुरूंना विनवितो, कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर मग आमच्या भाषेंत आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? त्या विनवणीचें उत्तर म्हणजे हा ग्रंथ. हा प्रसंग कविकल्पित असो वा घडलेला असो. त्यांतलें दुःख कल्पित नाहीं. ज्याचें सायंकाळचें वाचन बंद पडलें आहे त्या घरांतला माणूस तेथें बोलतो आहे. आमच्या घरांतली पोथी कोणी एके दिवशीं उचलून नेली असती तर वडील असेच बोलले असते, किंवा बोललेही नसते. पुन्हा मुके झाले असते.

आणि या मागणीला पाद्रीगुरूंनीं दिलेलें उत्तर पाहा. कॅथॉलिक धर्माची भाषा लॅटिन, राज्याची भाषा पोर्तुगीज. दोन्हींपैकीं एकींत लिहिणें त्यांना सोपें होतें. त्यांनीं मराठी निवडली, तिच्यांत साष्टीच्या बोलीचे शब्द मिसळले, आणि ज्या ओवींत ज्ञानदेव व नाथ बोलले तीच ओवी घेतली. ग्रंथारंभीं मराठीची जी स्तुति त्यांनीं गाइली आहे ती आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनीं पाठ केली. परंतु स्तुति करणें सोपें असतें. खरी परीक्षा पुढें आहे. त्यांचा स्वर्ग वैकुंठ झाला आहे. त्यांच्या पुराणांत भक्त आहेत, कृपा आहे, मोक्ष आहे. हे शब्द कोशांतून वेंचून मिळत नाहींत. ते कोणाच्या तरी ओसरीवर बसून, चुकीचे बोलून, हसून घेऊन, पुन्हा विचारून मिळवावे लागतात. मराठींत आईला हाक कशी मारतात, शोक करतांना वाक्य कोठें तुटतें, हें ज्याला कळलें त्यानें नुसतें व्याकरण शिकलेलें नसतें. व्याकरणही त्यांनीं लिहिलेंच. कोंकणीचें त्यांचें व्याकरण त्यांच्या मागें दियोगु रिबैरु या पाद्र्यानें वाढवून १६४० सालीं रायतूरलाच छापलें. छापून प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषांच्या व्याकरणांत तें अगदीं आरंभींचें होय. त्याआधीं, १६२२ सालीं, धर्मशिकवणुकीची त्यांची कोंकणींतली प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली होती.

मला सर्वांत आवडते ती त्यांची एक अपुरी राहिलेली इच्छा. १६०८ सालच्या डिसेंबरांत त्यांनीं रोमच्या आपल्या वरिष्ठांना लिहिलें, कीं या देशाच्या भाषेंत व याच देशाच्या लिपींत ग्रंथ छापलेले पाहावे ही माझी अनेक वर्षांची उत्कट इच्छा आहे. परंतु युरोपांत जेथें चोवीस अक्षरांवर भागतें तेथें इकडे सहाशें साचे पाडावे लागतील, म्हणून हें अशक्य मानलें गेलें. हे साचे त्यांच्या हयातींत झाले नाहींत, आणि मराठीचें पुराण रोमन अक्षरांत निघालें. देवनागरी खिळ्यांनीं मराठी छापण्याचें काम कॅरे यांच्या खटपटीनें बंगालांतील श्रीरामपूर येथें झालें तें १८०५ सालीं, म्हणजे जवळजवळ दोनशें वर्षांनीं. ज्या १६०८ सालीं हा पाद्री मराठी अक्षरांसाठीं आर्जव करीत होता, त्याच सालच्या रामनवमीला आमच्या तालुक्यांत, जांब गांवीं, समर्थांचा जन्म झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं, हें मला कळतें. तरीही जांबच्या वाटेनें जातांना माझ्या मनांत त्या दोन्ही शेजारीं शेजारीं येऊन बसतात.

येथवर वाचून कोणी म्हणेल, कीं गुरुजी पाद्र्याच्या प्रेमांत पडले. तसें नाहीं. हा ग्रंथ इन्क्विझिशनच्या परवानगीवांचून छापतां येत नव्हता, आणि ज्या श्रोत्यांसाठीं तो लिहिला त्यांतल्या पुष्कळांना आपला जुना धर्म ठेवण्याची मोकळीक नव्हती. ओवी गोड आहे म्हणून पाडलेलें देऊळ उभें राहत नाहीं. स्टीफन्स यांनीं स्वतः त्या सत्तेला विरोध केला असें मी म्हणूं शकत नाहीं. ते तिच्या छायेंतच राहिले आणि तिचेंच काम करीत राहिले. कित्येक वर्षें मी हा हिशेब मांडून पाहिला: एका पारड्यांत भाषेचें प्रेम, दुसऱ्यांत मोडलेलीं घरें. तो सुटला नाहीं. सुटला असता तर बरें, असेंही मला आतां वाटत नाहीं. कारण मध्यंतरीं मला असें दिसून आलें, कीं दुसऱ्याच्या हिशेबाची वही उघडून बसलेला हा मनुष्य स्वतःच्या वहीकडे पाहतच नाहीं.

ज्या वर्षीं मीं आईला पुराण वाचून दाखविलें त्याच वर्षीं माझ्या वर्गांत जवळच्या तांड्यावरचा एक मुलगा होता. घरीं गोरमाटी बोलणारा, काळेभोर डोळे असलेला, अत्यंत लाजाळू. आई या विषयावर दोन वाक्यें सांगा, असें मीं वर्गाला म्हटलें. तो उभा राहिला आणि ‘याडी’ एवढाच शब्द बोलला. त्या भाषेंत आईला याडी म्हणतात. वर्ग हसला. मी हसलों नाहीं. पण ‘याडी नव्हे, आई म्हण’ असें म्हणालों, आणि तो म्हणेपर्यंत त्याला उभें ठेवलें. तो तास संपेपर्यंत उभा होता, बोलला नाहीं. पुढें दसरा झाल्यावर त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले, तोही गेला, आणि गाळपाचा हंगाम संपून माणसें परत आलीं तरी तो शाळेंत आला नाहीं. वर्षाच्या अखेरीस त्याच्या नांवापुढें मीं माझ्या हातानें ‘मंद’ असा शेरा लिहिला. ज्या माणसाच्या वडिलांची जीभ शाळेनें काढून घेतली होती त्या माणसानें हें केलें, आणि करतांना त्याला वडिलांची आठवणही झाली नाहीं.

पुढें पुष्कळ वर्षांनीं, मी निवृत्त होण्याच्या थोडें आधीं, सेवालाल महाराजांच्या जयंतीला मला तांड्यावर बोलावणें आलें. रात्रीं भजनाला आरंभ झाला. मध्यभागीं बसून गाणारा मनुष्य तोच होता. डफाच्या ठेक्यावर तो कथा सांगत होता, मध्येंच गात होता, मध्येंच बोलत होता. म्हातारीं माणसें माना डोलवीत होतीं, पोरें आ वासून ऐकत होतीं. रंगलेली सभा कशी असते हें मला लहानपणापासून ठाऊक आहे. ती रंगली होती. आणि मला दहा शब्दांतला एक शब्द कळत होता. तीस वर्षें मीं त्या तांड्यावरच्या मुलांना शिकविलें, पण त्यांच्या भाषेंतलीं दहा वाक्यें मला येत नव्हतीं. त्या रात्रीं त्या वर्गांत मंद मुलगा कोण होता तें मला चांगलें समजलें.

पाद्रीगुरूंच्या पाठीशीं तलवार होती. माझ्या पाठीशीं हजेरीपट, शेरा आणि छडी होती. दोघांचेंही आसन उंच होतें. परंतु शिकविण्याच्या आधीं ते आसनावरून उतरून शिष्य झाले. मी झालों नाहीं. हा जो फरक आहे तो लहान नव्हे. त्यांच्याच सत्तेनें पुढें हा फरक पुसून टाकला. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला, कीं तेथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. स्टीफन्स यांना जाऊन तेव्हां पासष्ट वर्षें झालीं होतीं. १६१६ नंतर १६४९ व १६५४ सालीं त्यांच्या पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या होत्या. या तिन्हींपैकीं एकाही आवृत्तीची छापील प्रत आजवर हातीं लागलेली नाहीं. ग्रंथ जगला तो गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें नकलून ठेवलेल्या वह्यांतून, आणि त्यांवरूनच १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं तो मंगळूर येथें पुन्हा छापला. ज्यांच्यासाठीं तो लिहिला गेला होता त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीं त्याला सक्तीवांचून जपलें. ओवी आमिष होती कीं देणगी, या माझ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्या वह्यांत आहे असें मला वाटतें. दिली गेली तेव्हां ती कांहीं अंशीं आमिष असेल. पण ज्यांनीं ती घेतली त्यांनीं तिला आपली केली.

उरलेलें अर्धें उत्तर आईनें दिलें, तें सांगून हा लेख पुरा करतों. हात सोडून आई निजावयास गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं भागवत वाचून झालें, मी पोथी बांधूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, ‘त्या बाईचं पुढं काय झालं?’ मीं ग्रंथ पुन्हा आणला. आतां एकही नांव गाळलें नाहीं. मरिया म्हटलें, येशू म्हटलें, जेथें अडलें तेथें थांबून अर्थ सांगितला. असे पंधरा-वीस दिवस गेले. आईनें पुन्हा हात जोडले नाहींत. हनुवटीखालीं तळहात घेऊन, शेजारणीची हकीकत ऐकावी तशी, ती मन लावून ऐकत असे. माझ्या मतें हेंच त्या पुराणाचें सर्वांत प्रामाणिक श्रवण होय. ग्रंथ संपला त्या रात्रीं मीं विचारलें, ‘कसं वाटलं?’ ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘परक्या देशांतला माणूस, कुणी शिकवली असंल रे त्याला आपली भाषा?’

इतकीं वर्षें मी पाद्रीगुरूंच्या गुणदोषांचा विचार करीत होतों, आणि हा प्रश्न मला एकदांही सुचला नव्हता. कोणी तरी शिकविली असणारच. मडगांवच्या, रायतूरच्या, कुठल्याशा वाडीवरच्या कोणा माणसानें, कोणा बाईनें, या लांबट नाकाच्या परक्याचे चुकलेले शब्द पुन्हा पुन्हा दुरुस्त केले असतील. स्वतःचें देऊळ गमावलेला माणूसही त्यांत असेल. त्यांचीं नांवें ग्रंथाच्या पहिल्या पानावर नाहींत. अकरा हजार ओव्यांच्या आंत मात्र तीं माणसें बोलत आहेत. फादर स्टीफन्स यांना आपण पाद्रीगुरु म्हणतों; त्या गुरूंचे गुरु साष्टीचे हे लोक होते.

आई जाऊन आतां बरीच वर्षें झालीं. निवृत्तीनंतर मी आठवड्यांतून दोन दिवस सायंकाळीं तांड्यावर जातों. डफावर गाणारा तो गृहस्थ मला गोरमाटी शिकवितो. तो फार चांगला शिक्षक आहे. चुकलों तर त्याची नात हसते, तो हसत नाहीं. मात्र शब्द नीट येईपर्यंत पुढें सरकत नाहीं. पहिल्या दिवशीं त्यानें मला कोणता शब्द म्हणावयास लावला, तें वाचकांनीं ओळखलें असेल. मी उभा राहूनच तो म्हणालों.